जोवर गवत आहे तोवर

एका जंगलात, मुलांनो, आणि हे जंगल नकाशावर शोधत बसू नका, कारण नकाशा काढणारे तिथं पोचले आणि नेमका तिथूनच घोटाळा सुरू झाला, तर अशा एका जंगलात खवलूबाई नावाची एक वैद्यीण राहत असे.

खवलूबाई जातीची खवल्या मांजर. नावात मांजर असलं तरी मांजराशी तिचा काडीचा संबंध नव्हता, आणि कुणी तसा तो जोडलेला तिला खपत नसे. अंगभर खवले, लांब जीभ, जेवणात मुंग्या. भीती वाटली की ती अंगाचा चेंडू करून पडून राही. पण तिला भीती फारशी वाटत नसे. उलट तिच्या काढ्यांची भीती सगळ्या जंगलाला वाटे.

त्या जंगलात एक रिवाज होता. कुठलीही गोष्ट एकापाशी पौर्णिमेपलीकडे ठेवायची नाही. पेरूचं बन या पौर्णिमेला भेकराकडे, तर पुढच्या पौर्णिमेला साळिंदराकडे. तळ्याचा काठ आज रानडुकरांकडे, तर महिन्याने माकडांकडे. गुहासुद्धा फिरत्या. त्यामुळे कुणी गुहेच्या भिंतीवर आपलं नाव कोरत नसे. आणि कुणी गुहा घाणही ठेवत नसे, कारण पुढच्या महिन्यात तिथं राहायला येणारी मंडळी आपल्यामागे काय बोलतील, याची प्रत्येकाला धास्ती.

तुम्ही म्हणाल, असं कुठं असतं का? बरोबर आहे तुमचं. एका बाकावर दोघं बसलात की मध्ये पट्टीनं रेघ मारणारी मुलं तुम्ही. तुम्हाला हे अवघडच जाणार.

जंगलाचं म्होरकेपणही असंच फिरतं होतं. पण सध्या ते गवाजी नावाच्या एका थोराड गव्याकडे अडकलं होतं. गवाजी दर पौर्णिमेला सर्वांना विचारत, "कोण घेतंय आता?" आणि सगळे झाडांकडे बघू लागत. दिवसभर इतरांची भांडणं ऐकण्याची हौस कुणाला असणार!

या सगळ्यात खवलूबाईचा जीव गुंतला होता तो एका टेकडीत. तिला सोनटेकडी म्हणत. टेकडीवर कमरेएवढं गवत, आणि गवताच्या सावलीला सोनपाला नावाची एक बुटकी वनस्पती. ताप, खोकला, पोटदुखी, काहीही असो, सोनपाल्याचा काढा घेतला की जनावर दुसऱ्या दिवशी उठून चालू लागे. टेकडी ज्या महिन्यात ज्याच्याकडे असेल, तो खवलूबाईला विचारूनच पाला तोडी.

"ही टेकडी हाय म्हणून मी वैद्य हाय," ती म्हणे. "टेकडी न्हाई तर मी नुसती मुंग्या खाणारी बाई."

एके दिवशी सकाळी समुद्रातून एक भलंमोठं पोखरलेलं लाकूड तरंगत आलं. त्यातून सात बोकड उतरले. सगळे हडकुळे, सगळ्यांना दाढ्या. आणि सगळ्यांच्या चेहऱ्यावर, रस्ता चुकलेला माणूस दुसऱ्याला पत्ता सांगताना आणतो, तसा आत्मविश्वास. त्यांच्या पुढाऱ्याचं नाव दाढेसाहेब. त्यांची दाढी सगळ्यांत लांब होती, आणि पुढारी होण्याची तेवढीच अट होती.

किनाऱ्यावर खवलूबाईची मैत्रीण टिटवी अंडी उबवत बसली होती. तिनं जे पाहिलं ते असं. दाढेसाहेबांनी वाळूत एक काठी रोवली, घसा खाकरला आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली.

"तमाम रहिवाशांना कळवण्यात येते की, हा किनारा, त्यामागील जंगल, जंगलामागील डोंगर आणि डोंगरामागे जे काही असेल ते, आजपासून आमचे झाले आहे. कुणाची हरकत असल्यास आत्ताच सांगावी."

समोर तीन खेकडे होते. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि ते तिरके तिरके चालत बिळात गेले.

"हरकत नाही," दाढेसाहेब म्हणाले. "लिहून घ्या."

टिटवी ओरडत जंगलात गेली. तिचं ओरडणं जंगलाला रोजचंच होतं, त्यामुळे कुणी मनावर घेतलं नाही. पण पाहुणे आलेत एवढं सगळ्यांना समजलं. गवाजी आणि खवलूबाई भोपळ्यात पाणी, मक्याची कणसं आणि पेरू घेऊन किनाऱ्यावर आले.

"या, बसा," गवाजी म्हणाले. "लई लांबनं आलासा जणू. खाऊन घ्या आधी."

बोकडांनी कणसं खाल्ली, पेरू खाल्ले, पेरूची पानं खाल्ली आणि शेवटी पाण्याचा भोपळाही खाल्ला. मग दाढेसाहेब म्हणाले, "आम्ही मिरीचे बन शोधायला निघालो होतो. ज्याअर्थी आम्ही इथे पोचलो, त्याअर्थी हे मिरीबन आहे आणि तुम्ही मिरीकर आहात."

"मिरी न्हाई वो हितं," खवलूबाई म्हणाली. "मिरच्या हायत."

तिनं एक लालभडक मिरची पुढं केली. दाढेसाहेबांनी ती देठासकट तोंडात टाकली. बाकीच्या सहा जणांनी साहेबांचं बघून एकेक टाकली. मग सात बोकड सात दिशांना उडाले. एक समुद्रात गेला, एक काटेरी झुडपात, आणि दाढेसाहेब गवाजींच्या पाठीवर.

"तिखट आहे," डोळ्यांतून धारा वाहत असताना ते तिथूनच म्हणाले. "म्हणजे मिरीच आहे."

आणि ते सटासट शिंकले. सातही जण शिंकले. मिरचीनं शिंकले असतील, असं सगळ्यांना वाटलं. खवलूबाईलाही तसंच वाटलं. पुढं आयुष्यभर तिला या गोष्टीची चुटपुट लागून राहिली.

पाहुण्यांना राहायला किनाऱ्याजवळची मोठी गुहा दिली. पौर्णिमा आली. रिवाजाप्रमाणे गुहा साळिंदराच्या कुटुंबाकडे जायची होती. साळिंदर, त्याची बायको आणि पाच पोरं बिऱ्हाड घेऊन दारात उभी राहिली. गुहेच्या तोंडावर एक पाटी होती. "आत येऊ नये. मालक: बोकड."

"मालक म्हंजे काय?" साळिंदरानं विचारलं.

मग सभा भरली. टिटवी म्हणाली, "मी पहिल्या दिवसापासून वरडतीया. आता तरी ऐका." पण साळिंदराची पोरं रडत होती, त्यात तिचं बोलणं कुणाला ऐकूच गेलं नाही. गवाजींनी खवलूबाईला सांगितलं, "बाई, तुम्ही जरा बघून या. त्यांची तब्येत काय बरी दिसत न्हाई."

खवलूबाई गेली. तिनं दाढेसाहेबांची नाडी पाहिली. जीभ पाहिली. पोट दाबून पाहिलं. मग तिनं त्यांच्यापुढं एक पेरू ठेवला आणि म्हणाली, "आता हा मला परत द्या." दाढेसाहेबांनी पेरू दोन्ही खुरांखाली धरला आणि त्यांच्या मानेवरचे केस उभे राहिले. खवलूबाईनं मान हलवली.

"गवाजी, बद्धकोष्ठता हाय," तिनं सभेत येऊन सांगितलं.

"पोटाची?"

"पोटाचं झ्याक चाललंय. गुहेत पाय टाकायला जागा न्हाई. ही वस्तूंची बद्धकोष्ठता हाय. ह्यांना घ्यायला येतंय, पन सोडायला येत न्हाई. लई जुना रोग दिसतोय. बापजाद्यांपासनंचा."

सगळ्या जनावरांच्या डोळ्यांत पाणी आलं. बिचारे पाहुणे! एवढ्या लांब आले, आणि हा असला आजार घेऊन.

मुलांनो, हसू नका. आयुष्यात ज्यानं कधी काही अडकवून ठेवलं नाही, त्याला अडकवून ठेवणारा आजारीच वाटणार. तिच्या जागी तुम्ही असता तर एका झटक्यात ओळखलं असतं, कारण तुम्ही घरी मोठी माणसं पाहिली आहेत. तिनं पाहिली नव्हती.

आता बद्धकोष्ठतेवर खवलूबाईचा एकच उपाय होता. भरपूर खायला घालायचं. वरून ढकललं की खालून सुटतं, असं तिचं शास्त्र होतं, आणि जंगलातल्या यच्चयावत पोटांवर ते लागू पडलं होतं.

"ह्यांना आनखी द्या," तिनं सांगितलं. "तट्ट भरलं की आपोआप सोडतील."

मग जंगलानं बोकडांना पेरूचं बन दिलं. पौर्णिमेला खवलूबाई कुंपणावरून डोकावली. हो, आता कुंपण होतं.

"सुटलं का?"

"नाही," आतून आवाज आला.

"बरं. वाढवते."

मग तळ्याचा काठ दिला. मग मक्याचं रान दिलं. दर पौर्णिमेला ती विचारी आणि दर पौर्णिमेला मात्रा वाढवी. दरम्यान समुद्रातून आणखी लाकडं आली आणि त्यांतून आणखी बोकड उतरले. सगळ्यांना तोच आजार. खवलूबाईला वाटलं, आपलं नाव लांबवर पोचलं असावं, म्हणून रोगी येतायत. खोटं कशाला सांगू, तिला थोडा अभिमानही वाटला.

एकटी टिटवी तिच्याशी भांडत राहिली.

"खवलू, अगं, हे आजारी न्हाईत. हे असंच असत्यात."

"वैद्य तू का मी?"

"तू. म्हनून तर तुला आजारच दिसतोय."

खवलूबाई रागावली आणि दोन दिवस तिच्याशी बोलली नाही.

तिसऱ्या दिवशी भेकर शिंकलं. संध्याकाळपर्यंत माकडं शिंकू लागली. मग साळिंदराची पोरं. ती मिरचीची शिंक नव्हती. ती शिंक आली की अंग तापायचं, डोळे लाल व्हायचे आणि जनावर चौथ्या दिवशी उठायचं नाही. बोकडही शिंकत होते, पण त्यांना त्याचं काही वाटत नव्हतं. ते शिंकायचे, दाढी पुसायचे आणि चरायला लागायचे.

खवलूबाई सोनटेकडीवरून पाला आणून काढे करत होती. तिची नखं झिजली. ज्याच्यापर्यंत काढा पोचला ते जगलं. टिटवी तळ्याच्या काठी तापानं पडली आहे असं कळलं, तेव्हा खवलूबाई भोपळाभर काढा घेऊन धावली. वाटेत पेरूच्या बनाचं कुंपण आडवं आलं. फाटकावरचा बोकड म्हणाला, "आत यायला परवानगी लागते."

"कुनाची?"

"मालकांची. ते चरायला गेलेत."

तिनं बनाला वळसा घातला. मग मक्याच्या रानाला वळसा घातला. ती पोचली तेव्हा काढा गार झाला होता आणि टिटवीही गार झाली होती.

खवलूबाई तिथंच बसून रडली. ते कुंपण तिनं स्वतः वाढून दिलेल्या बनाभोवती होतं, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. मलाही हे सांगताना बरं वाटत नाही. पण गोष्टीत जे झालं ते झालं.

साथ ओसरली तेव्हा जंगल निम्मं उरलं होतं. दाढेसाहेब दुखवट्याला आले. त्यांनी खाली मान घालून पुरती दोन मिनिटं काही खाल्लं नाही. मग म्हणाले, "फार वाईट झाले. पण केवढी जागा मोकळी झाली! सोनटेकडीही आता तुम्हाला मोठीच पडत असेल."

"न्हाई," खवलूबाई म्हणाली.

त्या जंगलात पाहुण्याला 'नाही' म्हणण्याची ही पहिलीच वेळ होती. गवाजी दचकले. खवलूबाईही दचकली. पण तिनं पुन्हा म्हटलं, "न्हाई. टेकडी मिळायची न्हाई. पुन्यांदा साथ आली तर आमच्याकडं दुसरं काय बी न्हाई. टेकडी गेली तर उरलेली पोरंबी गेली."

दाढेसाहेबांनी दाढीवरून खूर फिरवला. ते म्हणाले, "आपण करार करू."

करार म्हणजे काय ते त्यांनी सांगितलं. दोघांनी शब्द द्यायचा आणि तो लिहून ठेवायचा. शब्द दिला तर लिहायचा कशाला, हे गवाजींना कळेना, पण पाहुण्यांची रीत म्हणून त्यांनी ती मानली. माकडांनी लिहायला सागाचं पान आणलं.

"पान नको," दाढेसाहेब म्हणाले. "पानावर लिहिला तर आमच्यातलं कुणीतरी खाईल. आमचा स्वभाव आम्हाला माहीत आहे. दगडावर कोरू."

हे ऐकून खवलूबाईच्या मनातली उरलीसुरली शंका गेली. स्वतःचा दोष चारचौघांत असा उघड सांगणारा बोकड लबाड कसा असेल?

दगडावर कोरलं: "जोवर या टेकडीवर गवत आहे, तोवर ही टेकडी जंगलाची आहे, आणि बोकडांनी तिच्यावर हक्क सांगू नये."

खवलूबाईनं ते तीनदा वाचून घेतलं. जोवर गवत आहे तोवर. तिला ते फार आवडलं. सूर्य उगवतो, पाऊस पडतो आणि गवत येतं. गवत संपलं असं तिच्या आजीनं, पणजीनं कधी ऐकलं नव्हतं. म्हणजे कायमचं झालं. तिनं पंजा उठवला, गवाजींनी खूर उठवला. दाढेसाहेबांनी दाढी उठवली. तिथून खवलूबाई तळ्याच्या बाजूला वळसा घालून गेली आणि टिटवी जिथं पडली होती तिथं उभी राहून म्हणाली, "टेकडी ऱ्हायली बरं का, बाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पाला तोडायला गेली, तर टेकडीवर चाळीस बोकड.

"आवं, करार!" ती ओरडली.

"पाळतोय की," दाढेसाहेब तोंडात गवत घेऊन म्हणाले. "आम्ही हक्क सांगत नाही. नुसते चरतोय. करारात चरण्याविषयी काही नाही. आपण तीनदा वाचला होता."

ती धावत गवाजींकडे गेली. गवाजी दगडाशी आले. त्यांनी करार उजवीकडून वाचला, डावीकडून वाचला, वाकून खालून वाचला. चरण्याविषयी खरंच काही नव्हतं.

"आता काय करायचं?" खवलूबाईनं विचारलं.

"मला काय म्हाईत बाई," गवाजी म्हणाले. "ह्ये म्होरकेपन कुनीतरी घ्या आता."

बोकड महिनाभर चरत होते. गवत खाल्लं. गवताखालचा सोनपाला खाल्ला. पाल्याखालची मुळं जिथवर तोंड पोचलं तिथवर खाल्ली. पौर्णिमेच्या सकाळी टेकडी टकलासारखी चकाकत होती आणि मधोमध गवताचा एकच झुबका शिल्लक होता. दाढेसाहेबांनी सर्वांना बोलावलं. समारंभानं तो झुबका खाल्ला, सावकाश चावला, गिळला आणि मग दगड वाचून दाखवला.

"जोवर या टेकडीवर गवत आहे, तोवर ही टेकडी जंगलाची आहे. गवत नाही. सबब टेकडी आमची."

"अरं, पन तुमीच खाल्लं की!"

"कुणी खाल्ले, याचा करारात उल्लेख नाही."

खवलूबाई टेकडीच्या माथ्यावर गेली आणि अंगाचा घट्ट चेंडू करून बसली. मी इथनं हलणार नाही, असा तिचा निश्चय होता. निश्चय पक्का होता, पण चेंडूही गोल होता. एका बोकडानं शिंगानं जरासं ढोसलं आणि खवलूबाई गडगडत, ठेचकाळत थेट पायथ्याशी आली.

जंगलातल्या उरलेल्या जनावरांना बोकडांनी पलीकडचा खडक दिला. एक पेरूचं झाड नाही, ओंजळभर पाणी नाही. त्यावर पाटी होती: "मिरीकरांसाठी राखीव. बोकडांकडून प्रेमाची भेट." जनावरं खडकावर गेली. पौर्णिमा आली तशी त्यांनी खडकाच्या चार कोपऱ्यांची आपसात अदलाबदल केली. तेवढीच सवय राहिली.

इकडे बोकडांची पोटं फुगू लागली. सोनपाल्याचा काढा घेणं वेगळं आणि टेकडीभर पाला मुळासकट खाणं वेगळं. एकेकाचं पोट नगाऱ्याएवढं झालं. रात्रंदिवस कळा. शेवटी दाढेसाहेब स्वतःच्या पोटामागून चालत खडकावर आले.

"बाई, काहीतरी करा."

खवलूबाईनं त्यांच्याकडे पाहिलं. हाकलून द्यावं असं तिला फार फार वाटलं. पण समोर दुखणं दिसलं की तिचा पंजा आपोआप पुढं होई. त्याला तिचा इलाज नव्हता. तिनं पोट दाबून पाहिलं.

"ह्यावर सोनपालाच पायजे. थोडका, उकळून."

"मग द्या."

"तो टेकडीवर होता."

दाढेसाहेब कण्हले. खवलूबाई म्हणाली, "अजून वेळ गेली न्हाई. खोल मुळं जित्ती असत्यात. एक पावसाळा टेकडीवर कुनी पाय ठेवू नका. गवत येईल. गवताच्या सावलीला पाला येईल. मग तुमचंबी पोट बसंल आन् आमच्या पोरांनाबी औषध व्हईल."

दाढेसाहेबांचा चेहरा उजळला. "फक्त एक पावसाळा?"

"एकच."

"इतके सोपे?" ते आनंदानं वळले, दोन पावलं गेले आणि थांबले. "गवत येईल, म्हणालात?"

"येईल की. कमरेएवढं."

"टेकडीवर?"

"टेकडीवरच."

दाढेसाहेबांनी लांबवरच्या त्या दगडाकडे पाहिलं. त्यांचे ओठ हलत होते. जोवर या टेकडीवर गवत आहे, तोवर. त्यांची दाढी थरथरू लागली. मग पोट दोन्हीकडे हेलकावत ते जे पळत सुटले ते टेकडीवर जाऊनच थांबले.

त्या दिवसापासून टेकडीवर बोकडांचा पहारा आहे. पाऊस पडला की सकाळी मातीतून हिरवे कोंब डोकावतात. दुपारपर्यंत चाळीस बोकड गुडघ्यांवर रांगत एकेक कोंब उपटून खातात, कळ आली की पोट धरतात, आणि पुढचा कोंब शोधतात. जो कोंब उपटायला चुकतो त्याला शिक्षा होते. दाढेसाहेब सगळ्यांत फुगलेले आहेत, म्हणून ते देखरेख करतात.

एके सकाळी खडकावर साळिंदराच्या उरलेल्या दोन पोरांपैकी एक शिंकलं. खवलूबाईनं त्याचं कपाळ पाहिलं. तापलं होतं. तिनं सवयीनं टेकडीकडे पाहिलं. रात्रीच्या पावसानं टेकडीवर हिरवी झाक आली होती, आणि बोकड कामाला लागले होते. तिनं पोराला पोटाशी घेतलं आणि त्याच्याभोवती अंगाचा चेंडू केला.

"बाई," गवाजी हळूच म्हणाले, "तुम्ही त्यांस्नी औषध सांगितलं न्हवं?"

"सांगितलं," खवलूबाई आतून म्हणाली. "पथ्य जमत न्हाई त्यांना."

तात्पर्य: 'लोभ वाईट' असं वहीत लिहिलं असेल तर खोडा. लोभाचं पोट दुखतंय, पण टेकडी त्याच्याकडेच आहे. तेव्हा पाहुण्याशी करार करताना तो काय खातो, हे आधी विचारून घ्यावं. आणि पाहुणे तुम्ही असाल, तर तो विषय निघू देऊ नये.